पिंपळझिरा ते बोरखेडी : नाजोड

दोन गावं एकमेकांना जोडलेली आहेत की नाहीत, हे त्या गावांतल्या लोकांना विचारून कधीही कळत नाही. ती माणसं रोज त्या वाटेनं जातात-येतात, त्यामुळे त्यांचं मत आधीच कलुषित झालेलं असतं. स्वच्छ उत्तर हवं असेल तर ते अशा माणसाकडून घ्यावं लागतं, जो त्या वाटेनं कधी गेला नाही आणि पुढेही जाणार नाही. ही गोष्ट सरकारच्या ध्यानात आली सत्तावन्न साली, आणि अमरावतीला राजापेठेत, सरकी-ढेपेच्या एका दुकानावरच्या माडीवर, रस्तेजोड पडताळणी कचेरी उघडली.

कचेरीचा जन्म मुंबई राज्यातला. तिचे नकाशे मात्र मध्यप्रदेशाच्या काळातले होते, आणि साठच्या मे महिन्यात ती एक खुर्चीही न हलवता महाराष्ट्रात गेली. (शिक्का यायला अकरा महिने लागले. तोवर कचेरी कुठे होती याची नोंद नाही.) काम सोपं होतं. नऊ फुटी टेबलावर नकाशा पसरायचा, चारी कोपऱ्यांवर लोखंडी वजनं ठेवायची, पहिल्या गावावर उजव्या हाताची तर्जनी टेकवायची आणि शाईच्या रेघेवरून ती न उचलता दुसऱ्या गावापर्यंत न्यायची. पोचली तर ‘जोड’. उचलावी लागली तर ‘नाजोड’. मध्येच शिंक आली तर पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या तीन वर्षांत गावांच्या चौदाशे बारा जोड्या तपासून झाल्या. त्यांतल्या दोनशे नऊ जोड निघाल्या, अकराशे अठ्ठ्याऐंशी नाजोड, आणि पंधरा शिंकांमुळे प्रलंबित. हे आकडे पाहता वऱ्हाडातला बहुतेक माणूस जन्मल्या गावातच असायला हवा होता. तरीही बडनेऱ्याच्या फलाटावर गर्दी दिसे. या विसंगतीचा खुलासा कोणाकडे मागावा, यावर पत्रव्यवहार चालू होता.

कचेरीचे प्रमुख खुशालराव सचोटीचे गृहस्थ होते. ते रोज चांदूर रेल्वेहून येत. एकदा अमरावती ते चांदूर रेल्वे ही जोडी तपासायला आली, आणि नकाशाच्या घडीवर शाई उडाल्यामुळे ती नाजोड निघाली. दुसऱ्या एखाद्यानं तिथे डोळेझाक केली असती. खुशालरावांनी स्वतः सही केली, आणि त्या दिवसापासून हजेरीपटात आपल्या नावापुढे ते ‘आलो (कारण अज्ञात)’ असं लिहू लागले.

अशा माणसाच्या हाताखाली देवमन कामाला होता.

देवमन पिंपळझिऱ्याचा. गाव अमरावती जिल्ह्याच्या अगदी शिवेवर, अकोला जिल्ह्याला टेकलेलं. त्यांच्या वस्तीतला तो पहिला मॅट्रिक आणि पहिला सरकारी नोकर. त्याचा बाप बुधाजी तीस वर्षं गावकामगार होता. म्हणजे सरकारी कागद या गावाहून त्या गावाला पोचवायचे, अंमलदार आला की त्याचं बोचकं डोक्यावर घेऊन त्याच्या घोड्यापुढे धावायचं. छप्पनच्या दसऱ्याला बुधाजी नागपूरला जाऊन आला, दीक्षा घेतली, आणि घरी येताच आपली घुंगराची काठी चुलीत घातली. (त्या दिवशी भाकरी चांगली भाजली गेली, असं तो सांगे.) आता सरकारी कचेरीत त्याचा मुलगा खुर्चीवर बसत होता. ती खुर्ची बघायला बुधाजी एकदा अमरावतीला येऊनही गेला होता. खुर्चीला हात लावून, मान हलवून, न बसताच परत गेला.

देवमनचं बोट सबंध कचेरीत पहिल्या नंबरचं होतं. कापत नसे, घामेजत नसे, नदी ओलांडताना दचकत नसे. नख तो दर सोमवारी कापी. रेघ संपली की ते बोट असं थांबे, की बघणाऱ्याला वाटावं पुढे खरंच काही नाही.

एकसष्टच्या जानेवारीत त्याच्या टेबलावर पिंपळझिऱ्याचाच अर्ज आला.

पिंपळझिऱ्याहून दीड कोसावर बोरखेडी, पण ती अकोला जिल्ह्यात. तिथे सरकारनं लीलाबाई नावाची एक नर्सबाई नेमली होती. नर्सबाईनं आसपासच्या गावांत बाळंतपणं करायला जावं, मात्र रस्त्यानं जोडलेल्याच गावांत जावं, असा नियम होता. न जोडलेल्या गावाला निघालेली सरकारी नर्स वाटेत हरवू नये हा त्यातला हेतू. पिंपळझिरावाल्यांनी लिहिलं होतं की आमच्या गावाला जोड म्हणावं, म्हणजे बाई येतील.

देवमननं पिंपळझिऱ्यावर बोट टेकवलं. रस्त्यावरून ते पश्चिमेला निघालं, शिवेपर्यंत गेलं आणि अडलं. तिथे अमरावतीचा नकाशाच संपत होता. पुढचा तुकडा अकोल्याच्या नकाशात, म्हणून तो मागवला. दोन्ही नकाशे कडेला कड लावून टेबलावर ठेवले. अमरावतीचा रस्ता शिवेवर जिथे संपत होता, तिथून बरोबर एक सूत वर अकोल्याचा रस्ता सुरू होत होता. नकाशाचं माप इंचाला एक मैल. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, अर्थात जागेवर एक फर्लांग.

“नाजोड,” खुशालराव भिंगातून बघून म्हणाले.

“साहेब,” देवमन म्हणाला, “त्या रस्त्यानं माही वरात गेल्ती. माही बायको बोरखेडीचीच हाय.”

“तू गेला असशील, देवमन. रस्ता गेला नाही.”

“पण मी सोता पाह्यला रस्ता!”

“म्हणूनच तुही साक्ष चालत नाही,” खुशालराव मायेनं म्हणाले. “ज्यानं पाह्यलं त्याचं मन साफ राह्यत नाही.”

हे देवमनला पटलं. त्याचं दुःख तेच होतं. कचेरीत बसला की त्याला प्रत्येक गोष्ट पटत असे.

रविवारी तो घरी गेला. त्याची बायको मनकर्णा बुधाजीजवळ गावीच राही, आणि तिला पाचवा लागला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांचं पहिलं मूल बैलबंडीतच गेलं होतं. बंडी अकरा कोसांवरच्या दवाखान्याला निघालेली होती. (तो रस्ता पुढे देवमननंच तपासला. तो ‘जोड’ निघाला.) नर्सबाई येणार म्हणून चार महिने मनकर्णा दिवस मोजत होती. देवमननं तिला सुताचा सगळा हिशोब समजावून सांगितला. जमिनीवर बोटानं दोन रेघा काढून दाखवल्या.

मनकर्णानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुमचं बोट अडलं तं ते उचलता येते. बाई अडली तं काय उचलता?”

देवमनला या मुद्द्यावर कलम आठवेना. बुधाजी दाराशी बसून सगळं ऐकत होता. तो एवढंच म्हणाला, “म्हणजे तीस वर्सं मी कागदं घेऊन कोठून पयलो रे?”

सोमवारी देवमननं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बुद्धीनं एक कागद लिहिला. प्रत्यक्ष जागेवर पाहणी व्हावी, अशी विनंती. आश्चर्य म्हणजे ती मंजूर झाली. अट एकच होती. अमरावतीच्या माणसानं अमरावतीच्या रस्त्याच्या टोकाला थांबावं, अकोल्याच्या माणसानं अकोल्याच्या. अस्तित्वात नसलेल्या रस्त्यावर पाऊल टाकून कोणीही पाहणी दूषित करू नये.

अकोल्याला जुन्या शहरात अशीच एक कचेरी होती. तिथला सूर्यभान छत्री घेऊन बोरखेडीच्या बाजूनं आला. देवमन पिंपळझिऱ्याच्या बाजूनं आला. मध्ये शिवेचा दगड, आणि पाच हात रस्ता. दोघं आपापल्या टोकाला धोंड्यावर बसले.

“टोकावर हाय का तुमी?” सूर्यभाननं विचारलं.

“टोकावर आहो.”

“मी बी टोकावर आहो. मधात काय दिसते?”

“रस्ता दिसते.”

“मले बी तेच दिसते,” सूर्यभान कष्टी होऊन म्हणाला. “पण लिवता येत नाही.”

सकाळी नऊपासून पाचपर्यंत त्यांनी मोजणी केली. सव्वीस बंड्या, एकशे नऊ माणसं, चौदा म्हशी, शाळेचे एक मास्तर आणि वाजंत्र्यांसह एक वरात त्यांच्या मधून गेली. हे सगळं ‘रस्ता नसताना झालेली वाहतूक’ या सदरात लिहून घेतलं. सूर्यभानला तहान लागली तेव्हा देवमननं तांब्या पुढे केला, पण हात मध्येच थांबवला. दोन टोकं जोडली जातील की काय, अशी शंका दोघांनाही एकाच वेळी आली. शेवटी एका जाणाऱ्या बाईच्या हातून तांब्या पलीकडे गेला.

दुपारी बुधाजी मुलाची भाकर घेऊन आला. दोन सरकारी माणसं पाच हातांवर समोरासमोर बसलेली त्याला दिसली. मग त्यानं शीव ओलांडली.

“सायेब, मी आता कोठी आहो?”

“अकोल्यात,” सूर्यभान म्हणाला.

बुधाजी परत आला. “आता?”

“अमरावतीत.”

बुधाजी चालत जाऊन बरोबर मध्ये, शिवेच्या दगडाशी, थांबला. “आन आता?”

सूर्यभाननं नकाशा उलगडला, मिटला, पुन्हा उलगडला. “बुवा, तठी तुमी नाही.”

“मी नाही तं तुमच्यासंगं कोण बोलून राह्यलं?”

बुधाजीचा आवाज खाली आला. “ह्याच सरकारचे कागदं घेऊन पयलो मी अठून. पावसात छातीशी धरून पयलो, वले होऊ देले नाही. ते पोचले तवा सरकारनं घेतले. तवा नाही म्हटलं का रस्ता नाही.”

सूर्यभान वाईट माणूस नव्हता. त्यानं मान खाली घातली आणि अहवालात लिहिलं : ‘एक वृद्ध इसम रिकाम्या जागेत ये-जा करताना आढळला. चौकशी करता तो नसल्याचे निष्पन्न झाले.’ देवमननं खाली सही केली. सही करताना बाप बघतो आहे हे त्याला कळत होतं, आणि त्या दिवशीची भाकर त्यानं तशीच फडक्यात परत नेली.

अहवाल वर गेला. वरच्या साहेबांनी तो काळजीपूर्वक वाचला. जमीन आणि नकाशा यांत तफावत आहे, हे आता दोन जिल्ह्यांच्या सहीनं सिद्ध झालं होतं. प्रश्न एवढाच उरला की चूक कोणाची. दोन्ही नकाशांवर सही-शिक्का होता. जमिनीवर कोणाचीच सही नव्हती. तेव्हा फारसा विचार करावा लागला नाही. हुकूम आला : ‘जमीन नकाशाबरहुकूम दुरुस्त करावी.’

मार्च महिन्यात दहा मजूर आले आणि शिवेवर रस्त्याच्या आडवा चार हात रुंद, कमरेएवढा खोल चर त्यांनी खणला. कचेरीच्या हयातीत प्रत्यक्ष जमिनीवर झालेलं हे एकमेव काम. ते इतकं चोख झालं की बंडी जाईना, म्हैस जाईना. पूर्ततेचा दाखला देवमननं तयार केला. बोट फिरवलं, ते शिवेवर थांबलं, आणि आता जागेवरही पाय तिथेच थांबत होता. खुशालरावांचे डोळे पाणावले. “देवमन,” ते म्हणाले, “कागद आन जमीन येक झालेले मी नोकरीत पह्यल्यांदाच पाहून राह्यलो.”

मे महिन्यात देवमन रजा घेऊन गावी गेला. वर उन्हाचा वणवा, जमिनीला भेगा. एका दुपारी, जेवणं आटोपताना मनकर्णाला कळा सुरू झाल्या. वस्तीतल्या चतुराबाई सुईणपण करत. त्यांनी पोट चाचपलं, बाहेर आल्या आणि बुधाजीला म्हणाल्या, “पोर आडवं हाय. माह्या हातचं नाही.”

देवमन उठला, पण त्याला कुठे जायचं ते सुचेना. अकरा कोसांचा जोड रस्ता एकीकडे, दीड कोसाचा नाजोड दुसरीकडे. तो दारात उभा राहून खरोखरच विचार करू लागला. बुधाजीनं विचार केला नाही. साठीचा म्हातारा डोक्याला ओलं फडकं बांधून त्या उन्हात पश्चिमेकडे पळत सुटला.

बोरखेडीला लीलाबाई दवाखान्याच्या ओट्यावर रजिस्टर लिहीत होत्या. बुधाजीनं जयभीम केला आणि धापा टाकत काय ते सांगितलं.

“बाबा,” लीलाबाई म्हणाल्या, “मले लेखी हुकूम हाय. पिंपळझिरा नाजोड हाय. तठी जाता येत नाही.”

“येत नाही,” बुधाजी म्हणाला.

“मंग तुमी कसे आले?”

“पायानं.”

लीलाबाईंनी रजिस्टर मिटलं आणि पेटी उचलली. “पाय तं माहे बी हायेत. चाला.”

चराशी दोघं अडली, वावरातून वळसा घ्यायला वेळ नव्हता. शेजारच्या वावरात नत्थुजी पाटील होता. चर खणल्यापासून त्याच्या बांधावरून जगाची ये-जा होत होती आणि तो सरकारच्या नावानं बोटं मोडत होता. त्यानं पेटी पाहिली, बुधाजीचं तोंड पाहिलं, काही न विचारता आपल्या गोठ्याचं कवाड उपटून आणलं आणि चरावर आडवं टाकलं. लीलाबाई त्यावरून गेल्या. कवाड करकरलं, तुटलं नाही.

देवमन अंगणात बसला होता. आतून मनकर्णाचा आवाज येई, थांबे, पुन्हा येई. लीलाबाईंच्या शिव्याही ऐकू येत होत्या. त्या कोणाला होत्या ते कळत नव्हतं, पण त्या आपल्याला असाव्यात असं देवमनला वाटलं आणि त्यानं त्या घेतल्या. साडेचारच्या सुमारास तिसराच आवाज आला. बारीक, पण ठणठणीत. मुलगी झाली. आई सुखरूप होती. बुधाजी अंगणात मटकन खाली बसला आणि म्हणाला, “पोचलं.”

आता उरला फक्त कागद. लीलाबाई हात धुऊन बाहेर आल्या. “सोमवारी मोठे सायेब रजिस्टर तपासाले येऊन राह्यले. दोनपासून पाचपर्यंत मी कोठी होती, ते लिवून द्या. तुमी त्या रस्तेजोडवाल्या खात्याचे ना?”

देवमननं कागद घेतला. बाई आल्या म्हणावं, तर रस्ता होता असं होतं. मग चर, अहवाल, दाखला, सगळंच खोटं, आणि नोकरी जाते. रस्ता नाही म्हणावं, तर बाई आल्याच नाहीत. मग आत रडतंय ते कोण? त्यानं आत पाहिलं. मनकर्णा डोळे मिटून पडली होती, तिच्या कुशीत एक लाल मूठ हवेत उघडझाप करत होती. देवमननं लिहिलं :

‘नर्सबाई आल्या. रस्ता नाही. दोन्ही गोष्टी मी स्वतः तपासल्या आहेत.’

खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख. कागद त्यानं लीलाबाईंच्या हातात दिला.

या तीन वाक्यांनी दोन जिल्ह्यांत हलकल्लोळ झाला. तीन सदस्यांची समिती बसली. पहिलं वाक्य खोटं म्हणावं, तर जन्माच्या नोंदवहीत मुलगी होती. दुसरं खोटं म्हणावं, तर चर होता. सात बैठकांनंतर समितीनं एकमतानं निष्कर्ष काढला की दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि ज्या अर्थी खरी आहेत त्या अर्थी श्रीमती लीलाबाई या रस्ता नसलेल्या ठिकाणी पोचू शकणाऱ्या व्यक्ती आहेत. अशी व्यक्ती खात्याला आजवर मिळालेली नव्हती. त्यांचा लेखी गौरव करण्यात आला, आणि या विशेष गुणाचा लाभ जनतेला व्हावा म्हणून आणखी एक्केचाळीस नाजोड गावं त्यांच्याकडे सोपवण्यात आली. लीलाबाई त्यांतल्या सत्तावीस गावांना जाऊन आल्या. सगळीकडे रस्ता होता.

देवमनची नोकरी गेली नाही. त्याचं बोट मात्र ‘अविश्वसनीय’ ठरलं आणि त्याला आवक-जावक टेबलावर बसवलं. खुशालराव त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. मग एके दिवशी जवळ येऊन हळूच म्हणाले, “काहून रे, तसं लिवल्यावर झोप येते का?”

“येते, साहेब,” देवमन म्हणाला.

खुशालराव चांदूर रेल्वेला जायची वेळ झाली म्हणून निघाले.

पावसाळ्याच्या तोंडाशी पिंपळझिरा आणि बोरखेडीच्या लोकांनी एका सकाळी चर बुजवला. बुधाजी घमेली मोजत होता. कचेरीनं या गोष्टीची दखल घेतली नाही. जिथे रस्ता नाही तिथे कोणी माती टाकली, तर त्याला नियम नव्हता.

नकाशावर तो एका सुताचा फरक तसाच राहिला. पुढे कित्येक वर्षं नत्थुजी पाटील बांधावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची गंमत पाही. तो सांगे की बंडीवाले गेले, म्हशी गेल्या, लग्नाच्या वराती गेल्या, रातआंधळे म्हातारेसुद्धा गेले. शिवेवर येऊन परत फिरलेली माणसं पाहिली ती एकाच जमातीची, ती म्हणजे शिकलेली. ती दगडाशी थांबतात, खिशातून घडीचा कागद काढतात, निरखून वाचतात, समोरून येणाऱ्या म्हशीला बाजू देतात, आणि पुढे रस्ता नाही म्हणून मागे वळतात. नत्थुजी त्यांना हाक मारत नसे. न शिकलेल्यांना ही अडचण कधी आली नाही. त्यांना ही गोष्टही वाचता आली नसती. तुम्ही मात्र इथपर्यंत एकही अक्षर न चुकता आलात.